बाई, मग पाणी जातं कुठं?

नववीला हिमनदीचं कार्य शिकवताना मी युरोपचा नकाशा फळ्यावर टांगते. सत्तावीस वर्षं तोच नकाशा, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या लावलेला. त्यात फिनलंडच्या आग्नेय कोपऱ्यात निळ्या शाईचा शिंतोडा उडाल्यासारखं काहीतरी आहे. त्यावर पट्टी टेकवायची, "हजारो सरोवरांचा देश" म्हणायचं आणि मेषशिलेकडं, म्हणजे हिमनदीनं घासून-तोडून घडवलेल्या खडकाकडं, वळायचं, असा माझा शिरस्ता. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. "बाई, एवढं पाणी साठतंय, मग ते जातं कुठं?" पोरगा कोयनेच्या खोऱ्यातला. त्याच्या लेखी पाणी साठतं ते धरणात आणि सुटतं ते दरवाज्यांतून. मी "समुद्रात" म्हणून मोकळी झाले. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २४ मे ते ५ जून मी आणि माझी धाकटी बहीण ते पाणी, म्हणजे फिनलंडचं सायमा सरोवर, बघून आलो. सोबत टूर नाही, तिकडं ओळखीचं कुणी नाही, फिनिशचं एक अक्षर येत नाही. मी त्रेपन्नची, ती एकोणपन्नासची. निघण्याआधी मला मराठीत याबद्दल फारसं काही सापडलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय, चुकांसकट.

पहिली चूक जानेवारीतच कळली. माझा पासपोर्ट १७ ऑगस्टपर्यंत वैध होता. आम्ही जूनमध्ये परतणार, म्हणजे चिंता नाही, असं मी धरून चालले होते. पण शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एका व्हिसासाठी, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता शिल्लक लागते. शिवाय पासपोर्टची दोन पानं कोरी हवीत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. नूतनीकरणाचे १,५०० रुपये ऑनलाइन भरले आणि २० जानेवारीची वेळ मिळाली. पोलीस पडताळणी झाली, नवं पुस्तक ४ फेब्रुवारीला हातात आलं. तुम्ही काहीही ठरवण्याआधी पासपोर्टची मुदत संपायची तारीख बघा. तिकीट नंतर.

दुसरा अडथळा ना-हरकत दाखल्याचा. अनुदानित शाळेतल्या माणसाला परदेशी जायचं म्हणजे मुख्याध्यापक, संस्था आणि वरचं कार्यालय असा कागद फिरतो. ६ फेब्रुवारीला दिलेला अर्ज ११ मार्चला परत आला. मधल्या काळात एकदा "प्रवासाचा हेतू स्पष्ट करावा" असा शेरा मारून तो खाली आला होता. मी लिहिलं, "सरोवर पाहणे." लिपिक भाऊसाहेब भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, पर्यटन लिहा. सरोवर लिहिलं की साहेब विचारणार, आपल्याकडं नाहीत का?" पर्यटन लिहिलं आणि कागद पुढं सरकला.

हे चालू असताना रात्री नकाशा घेऊन बसायचे. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सायमा नावाचं एक तळं असं काही नाहीच. हाउकिवेसी, पिहलायावेसी, पुरुवेसी, ओरिवेसी अशी वेगवेगळ्या नावांची पाणी आहेत. 'वेसी' म्हणजे पाणी. ती सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या वाटांनी एकमेकांत उघडतात, आणि सगळ्यांची पातळी एकच, समुद्रसपाटीपासून सुमारे ७६ मीटर. म्हणून त्या सगळ्यांचं मिळून सायमा. क्षेत्रफळ ४,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आत सुमारे १४ हजार बेटं आणि किनाऱ्याची लांबी १५ हजार किलोमीटरच्या घरात. आपल्या पुस्तकात महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर दिलाय. त्याच्या वीसपट किनारा एका तळ्याला! आणि सरासरी खोली मात्र दहा-बारा मीटर, आपल्या गावाकडच्या बऱ्यापैकी विहिरीइतकी.

एवढं कळल्यावर "सायमा बघायला कुठं राहायचं?" हा प्रश्नच चुकीचा ठरला. मग मी पाण्याच्या वाटेनं मुक्काम लावले. उत्तरेकडून पाणी येतं ते साव्होनलिन्ना, मग दक्षिणेला लाप्पेनरांता आणि शेवटी जिथून ते बाहेर पडतं ते इमात्रा. व्हिसाच्या अर्जाला जोडायच्या पत्रात हे सगळं पटवून सांगणं अवघड होतं, कारण पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, दोन बायका फिनलंडच्या जंगलात दहा दिवस काय करणार? शेवटी पत्रातच पेन्सिलीनं नकाशा काढला, मुक्कामांवर तारखा टाकल्या आणि प्रत्येक तारखेशी त्या-त्या आरक्षणाच्या कागदाचा क्रमांक लिहिला. नकाशा कुणी बघितला की नाही देव जाणे. पण एकही तारीख सुटी राहिली नाही, याचा उपयोग झाला असावा.

१९ मार्चला मुंबईत व्हिसा केंद्रात गेलो. पहाटेची एसटी धरली आणि साडेअकराच्या वेळेला दहालाच पोचलो. व्हिसाचं शुल्क ९० युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं आठ हजारांच्या वर, आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो दोघींचा मिळून चार हजारांत झाला. बहीण बँकेत आहे. तिच्या सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यावर प्रत्येक पानाला शिक्का होता. माझा उतारा मी घरी छापून नेलेला, शिक्क्याविना. खिडकीवरच्या मुलीनं तो परत सरकवला. खाली उतरून माझ्या बँकेची शाखा शोधली, तिथल्या साहेबांना शाळेचं ओळखपत्र दाखवून विनवण्या केल्या आणि पंचेचाळीस मिनिटांत शिक्के मारून घेतले. बहीण त्या दिवशी मला काही बोलली नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट. बोटांचे ठसे, फोटो, पावती, आणि तीन आठवड्यांनी ८ एप्रिलला पासपोर्ट कुरिअरनं घरी आले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. आम्ही दोन महिने हाताशी ठेवले ते बरं झालं.

सामानाबद्दल एकच सांगते. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. आम्ही भाजणी, मेतकूट, पोहे आणि शेंगदाण्याची चटणी नेली आणि त्यावर निम्मे दिवस काढले.

२५ मेच्या दुपारी हेलसिंकीला उतरलो. इथं एक गोष्ट मला आधी कळली म्हणून दोन तास वाचले. पूर्वेकडं जायचं असेल तर हेलसिंकी शहरात जायची गरज नाही. विमानतळावरून लोकलनं टिक्कुरिला स्टेशन गाठायचं, लांब पल्ल्याच्या गाड्या तिथंच थांबतात. तिकिटाचे दर विमानासारखे वरखाली होतात, आम्ही महिनाभर आधी काढलेलं तिकीट माणशी एकतीस युरोंना पडलं.

गाडी लाहतीवरून पुढं सरकली आणि मी खिडकीला नाक लावून बसले. बारा हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडं मागं हटणारा बर्फाचा थर हवा पुन्हा थंड झाल्यावर काही शतकं इथं अडून बसला. त्याच्या तोंडातून वितळणारं पाणी वाळू, गोटे आणून टाकत राहिलं आणि शेकडो किलोमीटर लांबीची धार तयार झाली. तिचं नाव साल्पाउसेल्का. 'साल्पा' म्हणजे दाराचा अडसर, 'सेल्का' म्हणजे पाठ. सेंट पीटर्सबर्गकडं जाणारा जुना लोहमार्ग बराचसा याच धारेच्या आधारानं टाकलाय, कारण बाकी सगळीकडं दलदल नाहीतर पाणी. वर्गात मी अंत्य हिमोढ फळ्यावर खडूच्या एका रेघेत काढते. इथं त्या रेघेवरून आगगाडी धावत होती.

बहिणीला मात्र वेगळीच चिंता. दोन तास झाले, पाईन आणि बर्चच्या भिंतीशिवाय काही दिसेना. "ताई, तळी कुठायत?"

"आहेत. झाडांच्या मागं."

"एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार म्हणालीस ना?"

म्हणाले होते खरी. पाचशे चौरस मीटरच्या वरची सगळी धरली तर आकडा १,८७,८८८ आहे. पण सपाट देशात उंच झाडांच्या मागं तळं लपतं. आपल्याकडं तापोळ्याला घाटातून उतरताना शिवसागर जसा पायाशी उलगडतो, तसं इथं काही उलगडत नाही. तळं अंगावर येऊन आदळतं तेव्हाच कळतं. पारिक्कालाला गाडी बदलली आणि एका डब्याच्या रेल्वेबसमध्ये बसलो. अर्ध्या तासानं अचानक झाडं संपली, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून फक्त रुळांपुरती जमीन. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. तिला पोहता येत नाही.

साव्होनलिन्ना हे गावच बेटांवर वसलंय. १४७५ साली बांधायला घेतलेला ओलाविनलिन्ना किल्ला पाण्यातल्या खडकावर उभा आहे आणि त्याच्या पायाशी क्यूरोन्साल्मी नावाची अरुंद वाट. आमची खोली तिथून दहा मिनिटांवर, रात्रीचे ७८ युरो, स्वयंपाकघर सामाईक. पहिल्या रात्री साडेदहालाही वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता. पडदे जाड आहेत का ते आरक्षणाआधी विचारून घ्या, आम्ही ओढणी टांगून झोपलो.

२६ तारखेला सकाळी पुलावर उभी राहिले आणि खाली बघितलं. तळं वाहत होतं. काठाशी गवताची पाती सगळी एका दिशेला आडवी झालेली, पुलाच्या खांबामागं भोवरे. हाउकिवेसीत उत्तरेकडून गोळा झालेलं पाणी या गावाच्या दोन वाटांनी पिहलायावेसीत उतरतं, तिथून पुमालाच्या चिंचोळ्या वाटेनं दक्षिण सायमात. इथं ओढ इतकी की भर हिवाळ्यातही धड बर्फ धरत नाही, आणि किल्ल्यासाठी जागा हीच का निवडली याचं एक कारण तेही. मी एक पाईनचं फळ वरच्या अंगाला टाकलं. पुलाखालून ते माझ्या चालण्याच्या वेगानं निघून गेलं. मुलाच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मला तिथं मिळालं. आपण सरोवर म्हणजे साचलेलं पाणी असं शिकवतो. हे साचलेलं नाही, रेंगाळलेलं आहे.

बाजारात मुइक्कू म्हणजे बोटभर लांबीचे मासे राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळून देतात. आमच्याकडच्या मांदेलीची आठवण झाली. एक बशी तेरा युरो. बहीण शाकाहारी, तिनं भाताचं सारण भरलेली रायची कारेलियन पेस्ट्री खाल्ली आणि वर आमची चटणी घातली. विकणाऱ्या बाईंनी चटणी चाखून बघितली आणि नंतर बराच वेळ पाणी पीत होत्या.

२७ मे पुंकाहार्यूचा. मला सगळ्यात जास्त हवा होता तो हा दिवस. रेल्वेबसनं लुस्तो थांब्यावर उतरलो, तिथं वनसंग्रहालय आहे. तिथून धारेवरून चालायला लागलो. ही धार सात किलोमीटर लांब, काही ठिकाणी इतकी अरुंद की डाव्या हाताला पुरुवेसी आणि उजव्या हाताला पिहलायावेसी एकाच वेळी दिसतात. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर १८०३ मध्ये इथं येऊन गेला आणि तेव्हापासून इथली झाडं राखली गेली.

पुस्तकात याला हिमोढकटक म्हणतात. मुलांना तो शब्द पाठ होतो, पण वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, कारण ती सगळी उलटी आहे. बर्फाच्या थराखाली बोगदा, बोगद्यात वितळलेल्या पाण्याची नदी, नदीच्या तळाशी वाळू आणि गोटे. मग बर्फ वितळला. म्हणजे नदीचे काठ वितळले, छप्परही गेलं, आणि जो तळ होता तो एकटा उभा राहिला. आपण नदीच्या पात्रातून चालतोय आणि पात्र डोंगरावर आहे! एका ठिकाणी पाईनचं झाड उन्मळून पडलं होतं, मुळांबरोबर मातीचा मोठा गड्डा वर आलेला. त्या खड्ड्यात मी गुडघे टेकून बसले. वर चार बोटं काळी माती, त्याखाली राखेसारखा फिका थर, मग तांबूस, आणि त्याखाली नुसती वाळू, मधूनच लिंबाएवढे गोल गोटे. एक हातात घेतला. एकही कोपरा नाही. कृष्णेच्या पात्रात असे मिळतात. इथं आसपास नदी नाही, तरी गोटा गोल, म्हणजे त्याला घासणारं पाणी कधीतरी होतं. गोटा परत ठेवला, खरंच ठेवला. बहीण साक्षीला आहे.

पुढचा टप्पा ओराव्हीचा, आणि इथं आमचं गणित फसलं. 'ओरावा' म्हणजे खार, आणि गाव खरोखर खारीएवढं. हाउकिवेसीतल्या लिन्नान्सारी राष्ट्रीय उद्यानाला तिथून जातात. साव्होनलिन्नाहून अंतर साधारण ४० किलोमीटर, बस दिवसाला एखादी, तीही शाळेच्या दिवशी. २९ मे गुरुवार. आम्ही थांब्यावर पाऊण तास उभ्या. मग कुत्रं फिरवणाऱ्या एका आजोबांनी फोनवर भाषांतर करून दाखवलं, आज सुट्टी आहे. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा दिवस. शिक्षिका असून मी तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या बघितल्या नव्हत्या! टॅक्सीला ९२ युरो गेले. बहिणीनं खर्चाच्या वहीत त्या आकड्याभोवती लाल चौकट काढली, अजून आहे.

३० मेला वाटाड्या घेऊन दोघींसाठी एक जोडकयाक घेतली. माणशी ७० युरो, जीवरक्षक जाकीट आणि अंग कोरडं ठेवणारे कपडे त्यातच. पाणी नऊ अंश होतं. वाटाड्या तरुण मुलगी, तिनं आधी काठावरच वल्हं कसं धरायचं ते शिकवलं आणि बहिणीला विचारलं, भीती वाटते का. बहीण "नो" म्हणाली आणि मराठीत मला म्हणाली, "मेले तर तुझ्या डोक्यावर."

तिथं मला जे कळलं ते नकाशावर सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं. या तळ्याला लाकडासारख्या रेषा आहेत. बर्फ वायव्येकडून आग्नेयेकडं सरकला, आणि त्यानं मऊ खडक खरवडून काढले, कठीण ते ठेवले. त्यामुळं बेटं, खाड्या, सुळके सगळे त्याच दिशेनं लांबलेले. त्या दिशेनं वल्हवत गेलं की तास तास समोर मोकळं पाणी. आडवं जायला निघालो की दर शंभर हातांवर एक बेट, वळसा, पुन्हा बेट. शिवसागराचे फाटेही असेच काटेरी दिसतात, पण ते नद्यांच्या दऱ्या बुडून झालेले, झाडाच्या फांद्यांसारखे. इथं फांद्या नाहीत, ओरखडे आहेत.

जेवायला एका बेटावर उतरलो. काठाचा खडक गुळगुळीत, उतरता, उन्हानं कोमट झालेला. भाजणीची थालीपिठं सोडायच्या आधी मी फोनमधलं होकायंत्र काढलं. खडकावर बारीक समांतर चरे होते, नख अडकेल एवढेच खोल. वायव्य-आग्नेय, अगदी. वायव्येकडची बाजू तासून घोटलेली, आग्नेयेकडची तुटकी, पायऱ्यापायऱ्यांची, बर्फानं उपटून नेलेली. दुसरं काय असणार, ही मेषशिला! मी त्या चऱ्यांवरून बोट फिरवत बसले. खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा, चरे बर्फयुगातले, आणि वर आमच्या थालीपिठाचं तेल सांडलं ते त्या दिवशीचं. पुसून घेतलं.

परतताना वाटाड्यानं वल्हं आडवं धरून थांबायची खूण केली. लांबवर एका खडकावर ओलं पोतं पडल्यासारखं काहीतरी. दुर्बिणीतून बघितल्यावर पोत्याला मिशा दिसल्या. सायमाचा सील. बर्फयुगानंतर जमीन वर उचलली गेली, समुद्राशी वाट तुटली आणि हे सील गोड्या पाण्यात अडकले. साडेनऊ हजार वर्षं झाली. जगात आता सुमारे ५०० उरलेत, सगळे याच तळ्यात. मादी तळ्याच्या बर्फावर साचलेल्या हिमात बिळ करून पिल्लू घालते. हिम कमी पडलं त्या हिवाळ्यांत स्वयंसेवक फावड्यांनी हिमाचे ढीग रचून ठेवतात. १५ एप्रिल ते ३० जून जाळी टाकायला बंदी असते, पिल्लं अडकू नयेत म्हणून. मेअखेर ते कात टाकल्यासारखे जुने केस झाडायला खडकांवर येतात, म्हणून दिसायची शक्यता तेव्हाच जास्त. जवळ जायचं नाही. आम्ही दहा मिनिटं न बोलता तरंगत राहिलो. बहिणीची भीती तिथं गेली असं लिहायला आवडलं असतं, पण काठाला लागल्यावर तिनं जमिनीला हात लावून नमस्कार केला.

कायद्याचं थोडं. तिथं 'सर्वांचा हक्क' म्हणून प्रथा आहे. कुणाच्याही जंगलातून चालता येतं, रानमेवा वेचता येतो, एखादी रात्र तंबू टाकता येतो, घरांपासून अंतर ठेवून. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर जाळ करता येत नाही, आणि वणव्याचा इशारा असेल तर मुळीच नाही. उद्यानात चुलीच्या जागा ठरलेल्या आहेत, लाकडंही ठेवलेली असतात, कचऱ्याचे डबे मात्र नसतात. आपला कचरा आपण परत न्यायचा.

३१ मेला परतायचं होतं तर शाळांचं वर्ष त्याच दिवशी संपत होतं. घरमालकीणबाई नातवाच्या शाळेच्या समारंभाला साव्होनलिन्नाला निघाल्या होत्या, त्यांनी आम्हाला गाडीत घेतलं आणि पैसे घेतले नाहीत. मी मेतकुटाची पुडी दिली. ते कशात घालायचं हे समजावण्यात अर्धा रस्ता गेला. गावात जिकडं तिकडं बारावी झालेली मुलं पांढऱ्या टोप्या घालून, हातात गुलाब. मी स्टेशनच्या बाकावर बसून त्यांच्याकडं बघत राहिले. सुट्टी लागल्याचं तोंड सगळीकडं सारखंच असतं.

लाप्पेनरांतात तीन रात्री. हे जरा घाईनं सांगते, कारण दोन दिवस पाऊस होता. गाव साल्पाउसेल्काच्या अगदी कुशीत. इथून सायमा कालवा निघतो. तो १८५६ ला खुला झाला, नंतर नव्यानं बांधून १९६८ ला पुन्हा. लांबी ४३ किलोमीटर, आठ जलपाशांतून, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करायच्या टप्प्यांतून, बोटी ७६ मीटर खाली समुद्राला उतरायच्या. त्यातले तीन जलपाश फिनलंडमध्ये, पाच रशियाच्या हद्दीत. २०२२ नंतर समुद्राकडची वाहतूक जवळजवळ थांबलीय. मेल्कियाच्या जलपाशाशी आम्ही छत्री धरून तासभर उभ्या राहिलो. बारा मीटरचं दार, खाली काळं पाणी, एकही बोट नाही.

पावसात खोलीवर बसून बहिणीला मी सायमाची गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरातली एक थाळी घेतली, पाणी ओतलं. बर्फाचं ओझं वायव्येकडं जास्त होतं, त्यामुळं दबलेली जमीन त्या बाजूला जास्त वेगानं वर येते, अजूनही येतेय. मी थाळीची एक कड हळूहळू उचलली. पूर्वी सायमाचं पाणी पश्चिमेला, बोथनियाच्या आखाताकडं वाहायचं. ती बाजू उचलली गेली, वाट बंद झाली. पाणी दक्षिण-आग्नेयेला चढत गेलं, अडसराला टेकलं. आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी इमात्रापाशी तो अडसर फोडून बाहेर पडलं. थाळीतलं पाणी तोवर टेबलावर. बहीण म्हणाली, "आता पूस."

३ जूनला सकाळी इमात्रा. तोच तो फुटलेला अडसर, वुओक्सी नदीचा जन्म. इथून सायमाचं पाणी रशियात लादोगा सरोवरात, तिथून नेवा नदीनं बाल्टिकमध्ये. दर सेकंदाला सरासरी सुमारे ६०० घनमीटर. इमात्राच्या धबधब्यासाठी १७७२ मध्ये सम्राज्ञी कॅथरीन आली होती. बॅगा ओढत पुलावर गेलो, कठड्याला हात टेकला आणि खाली बघितलं.

कोरडं.

काळ्या खडकांची लांबलचक घळ, त्यात गोट्यांनी घोटून केलेले रांजणखळगे, काही माझ्या उंचीचे. तळाशी डबकी. पाणी बाजूनं वळवून वीजकेंद्राच्या चक्रांवर नेतात, १९२९ पासून. घळीच्या डोक्याशी बांध, आणि बांधाला दरवाजे. बंद. उन्हाळ्याच्या हंगामात संध्याकाळी ते थोडा वेळ उघडतात, लोक बघायला जमतात. आमची टिक्कुरिलाची गाडी दुपारची, विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. साव्होनलिन्नाहून येताना गाडी इमात्रावरूनच आली होती. तेव्हा इथं एक रात्र काढली असती तर बघायला मिळालं असतं. तुम्ही गेलात तर मुक्काम इमात्रात टाका आणि दरवाज्यांची वेळ आधी विचारून घ्या. एकूण खर्च माणशी दोन लाख तीस हजारांच्या आसपास आला, विमान त्यात एकाहत्तर हजार.

गाडीत बसल्यावर दरवाज्यांचा फोटो त्या मुलाला पाठवला. तो आता अकरावीला जाईल. खाली लिहिलं, "पाणी इथून जातं." दहा मिनिटांत उत्तर आलं.

"म्हणजे दरवाजेच की बाई. सोडतात कधी?"